विचारा ताईंना : क्वालालंपूरचे अडीच दिवस

गेल्या अंकात या सदराच्या शेवटी मी एक ओळ लिहिली होती, की दिवाळीनंतर पंधरा दिवस लेकीकडे क्वालालंपूरला राहून आले. त्या एका ओळीवर चौदा पत्रं आली. चारधामवर दोन अंक खर्ची घातले तेव्हा तीन आली होती! यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही तिथे २००९ ते २०१४ अशी पाच वर्षं काढली. आता लेक तिथेच नोकरीला आहे, म्हणून वर्षाआड फेरी होते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. तिथली माणसं शहराला नुसतं ‘केएल’ म्हणतात, मीही तेच म्हणणार.

बालीला जाताना वाटेत केएलला अडीच दिवस मिळतायत. टूरवाल्यांनी दिलेल्या कागदावर पहिल्याच दिवशी अकरा ठिकाणं आहेत. होतील का? – एक वाचक, नाशिक

होतील की, बसच्या खिडकीतून. त्या अकरातल्या दोन ठिकाणी तर चॉकलेट आणि बॅगांची दुकानं आहेत, ती पेन्सिलीने खोडा आणि मग बाकीचं बोलू.

केएलमध्ये काय बघायचं ते कुणीही सांगेल. किती वाजता बघायचं ते धरून चाला. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, पण सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. साडेदहानंतर ऊन असं की कोकणातला मे महिना बरा. दुपारी तीन-चारला आभाळ भरून येतं आणि तासभर धो धो पडतं, मग पुन्हा स्वच्छ. म्हणून सकाळी आठ ते साडेदहा पायी, दुपारी छपराखाली, आणि पाऊस ओसरला की पुन्हा बाहेर. हे एवढं सांभाळलंत तर अडीच दिवस पुष्कळ आहेत.

पहिल्या सकाळी मशीद जमेक नावाच्या मेट्रो स्टेशनावर उतरा. आपल्याला वाटतं क्वालालंपूरमधला ‘पूर’ म्हणजे सोलापूर-कोल्हापूरचाच. तसं नाही. मलय भाषेत ‘क्वाला’ म्हणजे नदीचं मुख किंवा संगम आणि ‘लुंपूर’ म्हणजे चिखल. हा चिखलाचा संगम या मशिदीच्या मागेच आहे. गोंबाक आणि क्लांग या दोन नद्या तिथे मिळतात. नद्या म्हणायचं आपलं, दोन्ही काठ सिमेंटने बांधलेले, पाणी चहाच्या रंगाचं. १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे उठाव चालू होता तेव्हा, कथील शोधायला निघालेले ८७ चिनी मजूर होड्यांतून इथवर आले. होडी यापुढे जाईना, म्हणून उतरून रानात शिरले. महिन्याभरात त्यातले १८च उरले असं सांगतात, बाकीचे हिवतापाने गेले. राजधानी कुणी ठरवून वसवली नाही. होडी अडली तिथे गाव झालं.

मशीद १९०९ची. हबॅक नावाच्या इंग्रज वास्तुरचनाकाराने बांधली, आणि नमुना उचलला आपल्या मुघल इमारतींचा. लाल-पांढऱ्या विटांचे पट्टे, छत्र्या, कांद्यासारखे घुमट. नमाजाच्या वेळा सोडून आत सोडतात. अंगभर झगे तिथेच मिळतात, ओढणी विसरलात तरी अडत नाही. शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नका. पलीकडे सुलतान अब्दुल समद इमारत आहे, १८९७ची. मुंबईकरांना ती पाहून जीपीओ आणि म्युझियम आठवेल, आणि त्यात चूक काही नाही. साहेबाने हिंदुस्थानात जे जमवलं तेच पुढे तिकडे नेलं. समोरचं हिरवं मैदान पूर्वी गोऱ्यांच्या क्रिकेटचं. १९५७च्या ३१ ऑगस्टला मध्यरात्री तिथेच इंग्रजांचा झेंडा उतरला.

तिथून दक्षिणेकडे चालत दहा मिनिटांवर चायनाटाउन. पेटालिंग स्ट्रीटवरच्या नकली घड्याळांत जीव अडकवू नका, शेजारच्या जालान तुन एच. एस. ली या रस्त्याला लागा. तिथे श्री महामारिअम्मन देऊळ आहे, १८७३चं. गोपुरावर इतके देव की मान दुखून येते. बाहेर मोगऱ्याचे गजरे आणि झेंडूचे हार, वास थेट मंडईतला. जवळजवळ समोर गुआन दी या चिनी युद्धदेवाचं लाल देऊळ. त्याच्या छताला उदबत्तीची वेटोळी टांगलेली असतात, जिलेबीसारखी पण हातभर मोठी, आणि दिवसभर जळत राहतात. खाली उभं राहिलात की राख खांद्यावर पडते. मी एकदा पांढरी सुती साडी नेसून गेले होते. तुम्ही नेसू नका.

साडेदहा वाजले की चालणं बंद. इस्लामी कला संग्रहालय गाठा. टूरवाल्यांच्या कागदावर हे कधीच नसतं आणि माझ्या मते केएलमधली दुपार घालवायला याहून चांगली जागा नाही. जगभरच्या मशिदींच्या लहान प्रतिकृतींचं एक दालन आहे, आणि भारताचं वेगळं दालन आहे. गारवा आहे, गर्दी नाही, बसायला बाकं आहेत.

टॉवरवर जायचं तिकीट आधी काढावं लागतं का? – एक वाचक, डोंबिवली

हो. आणि सोमवारी पेट्रोनासचे जुळे टॉवर बंद असतात. माझ्या धाकट्या नणंदेला मी नटवून-थटवून सोमवारी घेऊन गेले होते, ती अजून ऐकवते.

उंची ४५२ मीटर, मजले ८८. दोन मनोऱ्यांना जोडणारा पूल ४१ आणि ४२व्या मजल्यावर, जमिनीपासून १७० मीटरवर. गंमत म्हणजे एक मनोरा जपानी कंत्राटदारांच्या गटाने बांधला, दुसरा कोरियन गटाने, आणि दोघांत शर्यत लागली होती. पण वर जाऊन काय दिसतं? शहर. आणि त्यात जुळे टॉवर नसतात. मी म्हणेन संध्याकाळी आठच्या सुमाराला मागच्या बागेत तळ्याकाठी बसा, कारंजी बघा, मनोरे बघा, पैसे वाचवा. उंचावर जायचंच असेल तर केएल टॉवरवर जा, तिथून हे दोघं समोर दिसतात. मर्डेका ११८ म्हणून नवा मनोरा झालाय, ६७८.९ मीटरचा, जगात दुसऱ्या क्रमांकाचा. तो पेटालिंग स्ट्रीटवर उभं राहिलं की मान वर करायच्या आधीच दिसतो.

मी निवृत्त शिक्षिका, वय ६७, गुडघे कुरकुरतात. बाटू केव्ह्जच्या २७२ पायऱ्या जमतील का? शिवाय आई म्हणायची, कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांनी घेऊ नये. – एक भगिनी, सातारा

बाई, दुसऱ्या प्रश्नाबद्दल आधी तुमचे आभार. हाच प्रश्न माझ्या सासूबाईंनी पायथ्याशी उभं राहून विचारला होता.

आपल्याकडे कार्तिकेय ब्रह्मचारी. पुण्याच्या पर्वतीवरसुद्धा ही रूढी आपण लहानपणापासून ऐकतो, कार्तिकी पौर्णिमेची तेवढी सवलत. बाटूच्या गुहेतला देव म्हणजे तमिळ मुलखातला मुरुगन. तोच कार्तिकेय, पण चांगला दोन बायकांचा संसारी, वळ्ळी आणि देवयानै. थैपुसम या त्याच्या उत्सवाला, म्हणजे साधारण आपल्या पौष पौर्णिमेच्या सुमाराला, हजारो बायका डोक्यावर दुधाचे कलश घेऊन त्या पायऱ्या चढतात. कुणाच्या कडेवर पोरही असतं. सासूबाई थोडा वेळ ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “इथं त्याचं लग्न झालंय ना, मग काही हरकत नाही.” आणि चढायला लागल्या. तेव्हा त्या ७१ वर्षांच्या होत्या.

आता गुडघे. पायऱ्या उभ्या आहेत, पाऊल पुरतं टेकत नाही. चढताना दम लागतो, उतरताना गुडघा बोलतो. कठडा धरून तिरकं उतरायचं, जेजुरीला उतरतो तसं. मध्ये टप्पे आहेत, थांबत गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. केएल सेंट्रल या मुख्य स्टेशनावरून लोकल थेट गुहेच्या दारात सोडते, पण गाड्या फार नाहीत. त्यामुळे सकाळी सातलाच निघा. नऊनंतर ऊन पाठीवर येतं आणि टूरच्या बसही.

पायथ्याशी सोनेरी मुरुगन उभा आहे, ४२.७ मीटर उंच, २००६ साली बसवलेला. पायऱ्या २०१८मध्ये रंगवल्या. फोटोत दिसते ती इंद्रधनुष्यासारखी जत्रा तेव्हापासूनची. मला जुन्या राखाडी पायऱ्या आवडायच्या, पण माझं कोण ऐकतंय. आत गेलात की सभामंडप म्हणजे सगळा डोंगरच पोकळ. छताला एके ठिकाणी भोक आहे, त्यातून उन्हाचा खांब खाली येतो आणि त्यात कबुतरं. तिथे पाच मिनिटं गप्प उभं राहा.

माकडांचं सांगते. हातात पिशवी दिसली की ती त्यांची. माझ्या हातातली नारळ-केळ्यांची पिशवी एका हुप्प्याने समोरून येऊन, अगदी शांतपणे, बोटं एकेक सोडवून घेतली. ओरबाडलं नाही, जणू मी त्याची उधारी ठेवली होती. शेजारच्या तमिळ आजी मला म्हणाल्या ते शब्द कळले नाहीत, पण अर्थ ‘द्यायचं नसतं तर धरलं कशाला’ असा होता. काय असेल ते पाठीवरच्या बंद सॅकमध्ये टाका. गुडघ्याच्या वर कपडे असतील तर पायथ्याशी लुंगी भाड्याने घ्यावी लागते, हे बरोबरच्या नातवंडांना आधीच सांगा.

व्हिसा? – तिघे वाचक, तीन गावं

१ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर तीस दिवसांपर्यंत फिरायला व्हिसा लागत नाही. ही मुदतीची सवलत आहे, तेव्हा तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर ते बनावट समजा.

आम्ही सात जण. सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. खाकऱ्या-ठेपल्यांची वेगळी बॅग न्यावी का? – एक भगिनी, सोलापूर

न्या, पण अर्धी.

पहिलं संकट शब्दाचं. तुम्ही पाठ करून जाल, ‘ताक माकान दागिंग’, म्हणजे मांस खात नाही. पण रोजच्या बोलण्यात दागिंग म्हणजे बहुधा बीफ. मग समोरचा प्रेमाने कोंबडीची बशी आणून ठेवतो, कारण कोंबडी ‘आयाम’ आणि तिचं नाव तुम्ही घेतलंच नव्हतं. म्हणून यादी करून सांगा : आयाम नको, इकान नको (मासे), उदांग नको (कोळंबी), तलूर नको (अंडं). दुसरं संकट दिसतच नाही. सांबाल नावाची लाल चटणी जवळजवळ सगळ्यात असते आणि तिच्यात कोळंबीचा आंबवलेला गोळा कुटलेला असतो, बेलाचान. नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधातला भात, वास इतका सुंदर की नारळीभातच वाटावा, पण वर तळलेली सुकी मासळी आणि बाजूला तीच चटणी. आमच्याकडे पाहुण्या आलेल्या एका मावशींनी अर्धी बशी संपवून विचारलं होतं, “ह्यात सोड्याचा वास येतोय का गं?” येतच होता.

सोय कुठे होईल? ब्रिकफील्ड्स या भागात. १८८१च्या आगीनंतर आणि पुरानंतर इंग्रजांनी हुकूम काढला, घरं विटा-कौलांचीच बांधा. त्या विटांच्या भट्ट्या इथे होत्या म्हणून हे नाव. मग रेल्वे आली, रेल्वेत काम करायला तमिळ माणसं आली, आणि वस्ती त्यांची झाली. केएल सेंट्रलच्या शेजारीच आहे. केळीच्या पानावर भात, तीन भाज्या, रसम, पापड. भात कितीही घ्या. जेवण झालं की पान आपल्या बाजूला दुमडायचं, म्हणजे ‘पुन्हा येऊ’. शुद्ध शाकाहारी खाणावळी वेगळ्या आहेत, पाटी वाचून शिरा.

सासूबाईंसाठी मात्र मी चिनी शाकाहारी खाणावळ सुचवेन. दचकू नका! चिनी बौद्ध उपासक कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, त्यामुळे तिथल्या जेवणात ते नसतंच. कंदमुळं चालत नसतील तर बटाटा-गाजराचं तेवढं विचारून घ्या. आणि आधी सांगून ठेवा, की समोर येणारा माशाचा तुकडा सोयाबीनचा आहे. खवलेसुद्धा काढलेले असतात, समुद्री शेवाळाचे. सासूबाईंनी डोळे मिटून खाल्लं तर उत्तम.

चहा तेह तारिक. दोन पेल्यांत हातभर अंतरावरून ओढतात, फेस येतो, आणि गोड इतका की दात शिवशिवतात. ‘कुरांग मानिस’ म्हणा, म्हणजे साखर कमी. तमिळ मुसलमानांच्या या टपऱ्यांना मामाक म्हणतात, रात्रभर उघड्या असतात. वाढणाऱ्याला ‘अण्णे’ म्हणून हाक मारली की चेहरा खुलतो. मलय बाई वयाने मोठी असेल तर ‘माक चिक’, म्हणजे आपली मावशीच.

तिथली भाषा आम्हाला कळेल का? – दहावीतली एक विद्यार्थिनी, लातूर

अगं, निम्मी तू आत्ताच ओळखशील. भाषेला ते ‘बहासा’ म्हणतात. मुका म्हणजे चेहरा (मुख), कपाला म्हणजे डोकं, वर्णा म्हणजे रंग, सिंगा म्हणजे सिंह. नवरा सुआमी आणि बायको इस्तरी. आता हसू नकोस, स्वामी आणि स्त्री. रमजानच्या रोज्याला ‘पुआसा’ म्हणतात, म्हणजे आपला उपवास! दुकानात किंमत विचारायची तर ‘बरापा हर्गा?’ त्यातला हर्गा म्हणजे संस्कृत अर्घ. इस्लाम येण्याआधी कितीतरी शतकं तिथे आपली जहाजं, आपले व्यापारी आणि आपली संस्कृत जात होती, त्याचा हा माल अजून वापरात आहे.

एक शब्द जपून. दोसा म्हणजे पाप (दोष). खायचा असेल तर ‘तोसै’ माग.

लिपी इंग्रजीचीच अक्षरं, पण लिहिताना जसं बोलतात तसं. टॅक्सी, बस, पोलीस, काउंटर हे शब्द त्यांनी आपल्यासारखेच कानाला लागतील तसे उतरवून घेतलेत. इंग्रजीच्या बाई बघतील तर लाल पेन काढतील. रस्ता म्हणजे जालान, आणि भटकायला जाणं म्हणजे ‘जालान-जालान’.

मशीद, देऊळ, चिनी मंदिर शेजारीशेजारी असं जाहिरातीत दाखवतात. खरंच सगळे गुण्यागोविंदाने राहतात का? – एक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

शेजारीशेजारी राहतात, हे खरं. गुण्यागोविंदाने हा शब्द मी आमच्या सोसायटीलाही लावणार नाही.

१३ मे १९६९ला याच शहरात मलय आणि चिनी समाजांत भीषण दंगल झाली. सरकारी आकडा १९६ मृतांचा. आणीबाणी लागली, संसद स्थगित झाली. त्यानंतर १९७१पासून नवं आर्थिक धोरण आलं आणि शिक्षण, नोकऱ्या, धंदा यांत ‘बुमीपुत्रा’ना, म्हणजे मुख्यतः मलय लोकांना, प्राधान्य मिळू लागलं. शब्द ओळखलात ना? भूमिपुत्र. आपल्याकडे तो शब्द कुठल्या सभांत गाजला ते तुम्हाला मी सांगायला नको. चिनी आणि तमिळ शेजाऱ्यांच्या तक्रारी मी पाच वर्षं ऐकल्या. मलय शेजारणीची बाजूही ऐकली. पाहुणी म्हणून गप्प बसले, आणि आजही न्यायाधीश होणार नाही.

आमच्या मजल्यावर चार दारं होती. आम्ही, एक मलय कुटुंब, एक म्हातारं चिनी जोडपं आणि एक तमिळ ख्रिस्ती शिक्षक. पहिल्या दिवाळीला मी स्टीलच्या ताटात फराळ घेऊन मलय काकच्या दारात गेले (काक म्हणजे ताई). तिने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, “तळलंय कशात?” मला क्षणभर लागलं. मग घरातून तेलाचा डबा आणि तुपाची बरणी आणून दाखवली. तिने लेबल वाचलं, बरणीचा वास घेतला, आणि दारातच उभ्या उभ्या चकली तोडली. पुढे ईदला ती नारळाच्या पातीत विणलेला भात घेऊन आली आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, “तुझ्यासाठी वेगळं केलंय, ह्यात बीफ नाही.” चिनी आजीबाई नववर्षाला दोन संत्री घेऊन आल्या. मी थँक्यू म्हणून घेतली, तर त्या हलेचनात. पाच मिनिटं दारात. शेवटी शिक्षकांच्या बायकोने मागून खूण केली, परतीची दोन संत्री द्यायची असतात! माझ्याकडे होती मोसंबी. ती चालली.

आणि हेही लिहिते. लेकीने अलीकडे भाड्याने घर शोधलं तेव्हा काही जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलं होतं, अमुकच समाजाला देऊ. ती चिडून मला फोनवर सांगत होती. मी तिला मुंबईत आम्ही १९९६ला घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट सांगितली. तिथे कागदावर लिहिलेलं नव्हतं, एवढाच फरक.

दुरियान म्हणजे आपला फणसच ना? – एक बागायतदार, रत्नागिरी

नाही हो. दिसतो तसा, पण नातं नाही. दुरियान काटेसावर आणि भेंडीच्या कुळातला, फणस वडा-उंबराच्या. वासाबद्दल इतकंच सांगते, की हॉटेलांत दारावर पाटी असते, दुरियान आत आणू नका. मला पाच वर्षांत जमला नाही. यजमान मिटक्या मारत खात आणि मग बाल्कनीत बसत.

फणसाचा खरा भाऊ तिथला चंपदाक, आपल्या बरक्यासारखा मऊ. त्याची भजी मिळतात. आणि तुम्ही रत्नागिरीचे, तर मांगोस्तीन चुकवू नका. तो कोकमाचा सख्खा चुलतभाऊ. जांभळं जाड साल हाताने दाबून फोडायचं, कपड्यावर डाग पडला की गेला, कोकमासारखाच. आत पांढऱ्या फोडी. फळाच्या बुडाशी पाकळ्यांसारखी नक्षी असते, तिच्या जितक्या पाकळ्या तितक्या आत फोडी. पोरांशी पैज लावायला बरं. मुख्य हंगाम जून ते ऑगस्ट.

मलाक्का एका दिवसात होईल का? – एक वाचक, मडगाव

नाशिककरांना मी ‘नको’ म्हणाले असते. तुम्ही गोंयकार, तुम्ही जा. दक्षिणेकडच्या मोठ्या बसस्थानकावरून दोन तास. पोर्तुगीजांच्या आल्बुकेर्कने १५१०ला गोवा घेतला आणि लगेच १५११ला मलाक्का. टेकडीवर सेंट पॉल चर्चचे नुसते भिंतींचे सांगाडे उरलेत. आत जमिनीत एक उघडी, जाळी टाकलेली रिकामी खळगी आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव गोव्याला येण्याआधी काही महिने तिथे होतं. बाहेर त्याचा पांढरा पुतळा आहे, उजवा हात तुटलेला. जुन्या गोव्याच्या बाझिलिकात दर्शन घेतलेल्या माणसाला त्या रिकाम्या खड्ड्यापाशी काय वाटतं, ते परत आल्यावर मला कळवा.

छत्री न्यायची का? आणि विमानतळावरून शहरात कसं यायचं? – एक वाचक, अमरावती

न्यायची. पाऊस इतका की शहराखाली ९.७ किलोमीटरचा बोगदा काढलाय, २००७पासून चालू. एरवी त्याच्या काही भागातून गाड्या जातात, आणि मोठा पूर आला की गाड्या बंद करून पाणी सोडतात. विमानतळ लांब आहे. एक्सप्रेस गाडी अर्ध्या तासात केएल सेंट्रलला आणते. चौघं असाल तर ॲपवरून गाडी बोलवा, स्वस्त पडते. रस्त्यावरची टॅक्सी मीटर टाकत नसेल तर बसू नका.

तिथे शिरवाळ्यांसारखं काही मिळतं असं ऐकलं. – एक आजी, कुडाळ

मिळतं आजी, आणि तुमचं पत्र वाचून मला रडूच आलं. त्याला पुतू मायम म्हणतात. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि तांबूस साखर. नारळाचा रस नाही, तो तुम्ही मनाने घाला. आमच्या इमारतीखाली एक तमिळ काका मोटारसायकलवर यायचे, मागे पत्र्याची पेटी, हातात रबरी भोंगा. पों पों झालं की मी भांडं घेऊन धावायची. परवा गेले तेव्हा लेक म्हणाली, आता ते येत नाहीत, मुलगा येतो, आणि यायची वेळ बदललीय. साडेसहाऐवजी सात.